भैयाजींच्या सत्काराचा फोटो

वडशाच्या सायबर कॅफेत भैयाजी आपलं आत्मचरित्र घेऊन बसले होते. नाटक कंपनीचे मालक, नायक, दिग्दर्शक, सगळे तेच. पुस्तक छापायला कोणी धजावलं नाही, म्हणून ते आता इंटरनेटवर ई-पुस्तक होऊन झळकणार होतं. कॅफेवाल्या प्रफुलने फाईल पाठवली आणि साईटने ती तिथल्या तिथे परत फेकली.

"भाऊ, पाच एमबीच्या वर घेत नाई. आपली नव्वदची हाये."

"मंग काट ना! धुरपताचा धडा काढ."

धुरपताबाई म्हणजे त्यांची पत्नी. आजवर अख्ख्या कंपनीला रांधून घातलं ते तिनेच. धडा गेला, फाईल तसूभर हलली नाही. मग जुना सहकलाकार डोमाचा धडा गेला. पाठोपाठ आभारही गेले.

"भाऊ, अक्षरायले वजन नसते," प्रफुल वैतागला. "वजन फोटोचं हाये. अन् फोटो सारे तुमचेच."

शेवटी तडजोड झाली. वजन कमी करायला बाकीचे फोटो असे दाबले, की माणसांचे नुसते रंगीत ठोकळे उरले. मुखपृष्ठावरच्या सत्काराच्या फोटोला मात्र भैयाजींनी हात लावू दिला नाही.

"माह्या डोयातलं पाणी दिसलं पाह्यजे!"

फोटोखाली ओळ होती, 'सत्काराला लोटलेला जनसागर'. काढलेले धडे परत घालायचं कोणाला सुचलं नाही.

पुस्तक झळकलं, तेव्हा सगळी कंपनी कॅफेत जमली. आतल्या एका धूसर फोटोत भैयाजींच्या मागे उभ्या असलेल्या डोमाच्या सुरकुत्या पार पुसल्या गेल्या होत्या. "पाय ना, किती जवान दिसून राह्यलो मी!" तो हरखला. मग मुखपृष्ठ उघडलं. कंपनीची नायिका दामिनी पडद्याजवळ वाकली.

"भैयाजी, मांगच्या खुर्च्या खाली काऊन हायेत?"

प्रफुलने फोटो मोठा केला. लाल खुर्च्यांच्या रांगाच रांगा, सगळ्या रिकाम्या. एका खुर्चीत कुत्रा झोपला होता. त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या, इतका फोटो स्वच्छ होता.

हसून हसून डोमाला ठसका लागला. भैयाजींनी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि हळूच म्हणाले, "प्रफुल, मलेबी धूसर कर."

प्रफुलने फोटो दाबला. भैयाजींचं नाक गेलं, डोळे गेले, शाल आणि खांदा एक झाले. पण रिकाम्या खुर्च्यांच्या जागी खच्चून भरलेली गर्दी दिसू लागली, आणि कुत्रा कोणी वजनदार पाहुणा वाटू लागला.

चहाला न गेलेल्या धुरपताबाई मागून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं हाऊसफुल!"