सलग आठ

सुधाकर देवस्थळी कॅनडात, मार्कहॅममधल्या आपल्या गराजमध्ये विंटर टायर पुसत बसले होते, तेव्हा तनयचा फोन आला. तनय दोन तासांवरच्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि तिथल्या फुटबॉल टीमचा किकर होता. ज्या खेळात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो त्याला फुटबॉल का म्हणतात, हे सुधाकररावांना कधी उमगलं नव्हतं. तनय टीममध्ये गेला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "डोक्याला लागलं तर इंजिनिअरिंगचं काय?" त्यानंतर हा विषय बापलेकांत निघालाच नव्हता.

पण त्या दिवशी हात रिकामे नव्हते, फोन स्पीकरवर होता आणि बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तुझा फुटबॉल?"

"वी आर ओ अँड सिक्स, बाबा."

"सिक्स?"

"येस. ओ अँड सिक्स."

आवाजात उत्साह नव्हता. पण तनयच्या आवाजात उत्साह नसायचाच. ॲडमिशन मिळाल्याची बातमीही त्याने दात दुखत असल्यासारखी दिली होती. सुधाकररावांनी मनात हिशेब केला: ओ म्हणजे हो, आणि सिक्स म्हणजे सहा. सहाच्या सहा मॅच जिंकल्या. हातातलं फडकं गळून पडलं.

संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष यामिनी कारखानीस कोथिंबीर न्यायला आल्या, तेव्हा ते सहज बोलल्यासारखं बोलून गेले. "आमच्या तनयची टीम यंदा सहाच्या सहा."

यामिनीताईंच्या हातात कोथिंबीर तशीच राहिली. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार करायचा. एकट्या तनयचा नाही, अख्ख्या टीमचा."

सुधाकररावांनी तनयला फोन लावून सत्काराचं सांगितलं. 

"बाबा, तुम्हाला आमचा रेकॉर्ड माहितीये ना?"

"माहितीये म्हणून तर बोलावतोय."

"म्हणजे… तरीसुद्धा?"

"तरीसुद्धा काय? त्याच्यासाठीच."

मग तनय म्हणाला, "थँक्स, बाबा." हे मात्र त्याने दात दुखत असल्यासारखं म्हटलं नाही. नंतर त्याचा मेसेज आला की टीम येतेय, आणि कोचनी ऐकल्यावर चष्मा काढून पुसला. सुधाकररावांना वाटलं, कोच हळवे दिसतात.

पुढच्या शनिवारी त्यांनी आपणहून विचारलं, "आज काय झालं?" उत्तर आलं, "सेम अगेन." त्यांनी ते मंडळाच्या ग्रुपवर 'पुन्हा तेच!' असं लिहून फटाक्यांच्या चित्रांसह टाकलं. त्यावर अभिनंदनाचा असा पाऊस पडला, की यामिनीताईंनी बॅनर होता त्याच्या दुप्पट मोठा करायला सांगितला: 'विजयी वीरांचे हार्दिक स्वागत'. भाषणासाठी डॉक्टर अरविंद मुजुमदार ठरले. निवृत्त झाल्यापासून डॉक्टर भाषणाच्या शोधातच असत. 'यशाची गुरुकिल्ली' हा विषय त्यांनी स्वतःच सुचवला.

शेवटची मॅच सत्काराच्या आदल्या दिवशी होती. सुधाकरराव आणि त्यांची बायको उल्का पहिल्यांदाच मॅचला गेले. पाऊस बारीक आणि बोचरा होता. बाकांवर जेमतेम मूठभर माणसं. बोर्डावर समोरच्या टीमचे आकडे भराभर वाढत होते. आपल्या बाजूचं शून्य मात्र हलत नव्हतं.

"हळूहळू रंगात येतील," सुधाकरराव म्हणाले.

"कधी?" उल्काने विचारलं. मॅच निम्म्यावर आली होती.

शेजारी एक गोरे आजोबा ब्लँकेट पांघरून बसले होते. ते थर्मासमधली कॉफी ओतत समजुतीच्या सुरात म्हणाले, "आता ओ अँड एट होणार. निदान सातत्य आहे."

"ओ म्हणजे?"

आजोबांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवला. "शून्य. जिंकलेल्या शून्य, हरलेल्या आठ."

सुधाकरराव त्या गोलातून पलीकडच्या मैदानाकडे बघत राहिले. आधी डोळ्यांसमोर बॅनर आला. मग डॉक्टर मुजुमदार आले. आणि मग तनयचा फोनवरचा आवाज आठवला: 'म्हणजे… तरीसुद्धा?' 

"चला आता," उल्का म्हणाली, "लोक निघालेत. तुम्हाला सर्दी होईल."

"तो अजून खेळतोय ना. बस."

शेवटी शेवटी टीम कशीबशी पुढे सरकली आणि तनयला बोलावलं गेलं. चिखलातून धावत येऊन त्याने किक मारली. चेंडू दोन उंच खांबांच्या मधून गेला आणि बोर्डावर शून्याच्या जागी तीन आला. समोरच्यांचे अठ्ठेचाळीस झाले होते. सुधाकरराव उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकटेच. आजोबा केव्हाच गेले होते.

रात्री त्यांनी यामिनीताईंना फोनवर सगळं सांगितलं. तिकडून एक मोठा सुस्कारा आला.

"श्रीखंड झालंय," त्या म्हणाल्या. "शाली आल्यात. पोरं जेवून जातील. बॅनरचं मी बघते."

रविवारी हॉलच्या दाराशी होडीएवढ्या बुटांचा ढीग लागला. आत बॅनरवर 'विजयी' या शब्दावर झेंडूची भली थोरली माळ सोडलेली होती. गडबडीत डॉक्टरांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी विजयावर मनसोक्त भाषण केलं. ते शुद्ध मराठीत असल्याने टीमने भक्तिभावाने ऐकलं आणि मधूनमधून टाळ्याही दिल्या.

मग शालश्रीफळ. त्या आडदांड पोरांच्या खांद्यांवर शाल रुमालाएवढी दिसत होती. त्यातल्या सर्वांत जाड्या पोराला नारळ हातात आल्यावर राहवलं नाही. तो स्टेजवरच वाकला आणि मॅचमध्ये चेंडू देतात तसा त्याने तो दोन पायांमधून मागे फेकला. मागच्याने हात पुढे केले. नारळ त्याच्या बोटांतून निसटला, जमिनीवर आपटला आणि त्याची दोन शकलं झाली. सीझनभर नेमकं हेच होत आलं होतं. पोरांचे चेहरे उतरले. पण समोरच्या मावश्या म्हणाल्या, "वा, शुभ झालं," आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. चेंडू सुटल्याबद्दल टाळ्या मिळायची मागच्या पोराची ही पहिलीच वेळ असावी. तो लाजून लाल झाला.

शेवटी तनय माइकपाशी आला. "आम्ही सगळ्या मॅच हरलो," तो अडखळत मराठीत म्हणाला. डॉक्टर मुजुमदारांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "बाबांना माहिती होतं. तरी त्यांनी बोलावलं. दुसऱ्या कोणी नाही बोलावलं."

सुधाकररावांना कुठे बघावं ते कळेना. ते श्रीखंडाच्या वाटीकडे बघत राहिले.

पार्किंग लॉटमध्ये त्यांनी तनयला बाजूला घेतलं. "तनय, ते स्टेजवर तू जे बोललास ना… खरं सांगायचं तर मला—"

"आय नो, बाबा. काल तुम्ही गाडी आणायला गेलात, तेव्हा आईने सांगितलं."

"मग तसं का बोललास?"

तनयने शालीची घडी उगाचच उलगडून पुन्हा घातली. "काल शेवटपर्यंत कोण होतं तिथे? मी किकच्या आधी वर बघितलं. यू गाईज वेअर द ओन्ली वन्स."

सुधाकररावांना बरंच काही बोलायचं होतं. "थंडी आहे, टोपी घाल," ते म्हणाले. मग विचारलं, "पुढच्या सीझनची पहिली मॅच कधी?"

"ऑगस्टच्या शेवटी. पण तेव्हापण हरणारच आम्ही, बाबा. अर्धी टीम ग्रॅज्युएट होतेय."

"बरं," सुधाकरराव म्हणाले.

टीमची बस दिसेनाशी झाली. ते गाडीत येऊन बसले, सीटबेल्ट लावला, आणि चावी फिरवायच्या आधी उल्काला म्हणाले, "ऐक. पुढच्या वर्षी गणपतीला पुण्याला जाणं काही जमेल असं वाटत नाही."