सहा ठिपक्यांचा हवालदार

सहा ठिपके. फक्त सहा! एवढ्या भांडवलावर अंध मुलं सगळं मराठी लिहितात आणि वाचतात, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी मनात म्हणालो, लालासाहेब, हा तर आपल्या हातचा मळ! सैन्यात उमेदीची वर्षं सिग्नलमध्ये काढलेला हवालदार मी. कट्ट-कडकट्ट ऐकून मोर्सचे संदेश उतरवून घ्यायचो, तेही बर्फात, तेही नाक गळत असताना! तिथं ठिपके आणि रेघा दोन्ही असायच्या. इथं तर रेघांचाही त्रास नाही!

माझी नात साक्षी सांगलीकडच्या एका निवासी शाळेत शिकते. तिला जन्मापासून दिसत नाही. मुलगा वीरधवल फौजेत, सूनबाई धाकट्या बाळाला घेऊन त्याच्याबरोबर पंजाबात क्वार्टरमध्ये. त्यामुळं पालकसभेला मी जातो आणि सुट्टीला साक्षी आमच्याकडं कडेगावाजवळच्या घरी येते. त्या सभेत बाई म्हणाल्या, "घरातल्या एकानं तरी ब्रेल शिकायला हवं." माझा हात सगळ्यांच्या आधी वर! ताठ! बाईंनी मला तिथल्या तिथं ब्रेलची पाटी, टोचणी आणि बाराखडीचं पुस्तक देऊन टाकलं.

साक्षीनं माझा शर्ट ओढला.

"आबा, खरंच शिकणार?"

"म्हंजे काय! दिवाळीपतुर तुझ्यापुढं जातो बघ!"

"मग आपण एकाच ओळीवर दोघांची बोटं ठिवून वाचू. हितं मैत्रिणी वाचतात तशी." मग जरा थांबून म्हणाली, "घरी मी वाचते तवा तुमी सगळी शाब्बास म्हणता. गणपतीत मी मुद्दाम चुकीचं वाचलं. कायबी वाचलं. तरी तुमी सगळी शाब्बासच म्हणालात."

मी हसलो. पण एसटीत बसल्यावर ते हसू कुठंतरी विट्याच्या आसपास संपलं. त्या शाब्बासमध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

घरी आल्या आल्या मी पुढच्या सोप्यात पाट मांडून अभ्यासाला बसलो. पाटीत कागद अडकवायचा, टोचणीनं टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडं, आणि मग कागद उलटा केला की ठिपके वर येतात. डोक्यात सगळं झटकन बसलं. पहिली वेलांटीसुद्धा इथं अक्षराच्या मागून येते, पुढं घुसत नाही. शिस्तीचं काम! मला फार आवडलं. मग मी डोळे मिटले, पुस्तकावर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो.

काही नाही!

म्हणजे कागद आहे एवढं कळत होतं. पण ठिपके? बोटाखाली सगळा रवा पसरल्यासारखा! सैन्यातून आल्यावर इतकी वर्षं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, पाचटात हात घातले. माझ्या बोटांची कातडी म्हणजे बैलाच्या खांद्यासारखी झालेली.

बायको दारातून बघत होती. "आवं, तुमच्या बोटाला उकळता चहा कळंना, आन् ठिपका कवा कळायचा?"

"रंगू, तू तुझं काम कर!"

"माझं काम चाललंयच. तुमचंच आडलंय."

आता अशा वेळी माणसानं डॉक्टरकडं जावं. मी इलाहीकडं गेलो. इलाही माझा शाळेपासूनचा दोस्त, फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडं इलाज असतो आणि तो बहुतेक वेळा त्याच्या दुकानातच असतो.

"कातडी जाड झालीया न्हवं? सोपं हाय लाला! ट्यूब घासतो तशी घासायची." आणि त्यानं कानस काढली.

"दुखंल की रं!"

"ट्यूब कवा बोलली न्हाई गड्या."

पहिलं बोट त्यानं घासलं, बाकीची मी उत्साहाच्या भरात घरी येऊन घासली. संध्याकाळपर्यंत बोटं अशी लाल झाली की पाण्याचा तांब्या धरवेना! रंगूबाईनं शिव्या देत देत सगळ्या बोटांना लोणी फासलं आणि वर पांढरी चिंधी गुंडाळली. मी दोन्ही हात वर करून ओट्यावर बसलो. लोण्याच्या वासानं मांजर मांडीवर चढलं.

एवढ्यात रस्त्यावरून आमच्या गल्लीतल्या धोंडुबाई गेल्या. बघितलं, थांबल्या, तोंडाला पदर लावला आणि तशाच पळत सुटल्या.

झालं! रात्रीच्या जेवणाआधी गावात बातमी फिरली की लालासाहेबांची बोटं कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली! सकाळपासून माणसांची रीघ. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. कुणी केळी, कुणी बिस्किटांचे पुडे, एकानं तर शहाळी आणली आणि "स्ट्रॉनं प्या, धरता न्हाई येणार" असं म्हणून ढसाढसा रडला. मी सांगत होतो, "आवं, बोटं हायती! समदी हायती!" तर म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून मान हलवायची, "धक्का बसलाय त्यास्नी."

दुपारी पंजाबातून वीरधवलचा फोन.

"आबा, किती बोटं गेली?"

"एकबी न्हाई! घासली फक्त!"

"कशाला?"

"ब्रेल वाचाया."

पोरगा आधी हसला. मग म्हणाला, "आबा, माझ्याच्यानं ते जमलं न्हाई अजून. तुमी शिका." आणि त्यानं ते सगळं साक्षीला सांगितलं. तिनं ते वसतिगृहात सांगितलं. रविवारी तिचा फोन आला तेव्हा मागं पोरींचा नुसता कालवा!

"आबा, मी सगळ्यांस्नी सांगितलं. माझ्या आबांनी माझ्यासाठी बोटं सोलली! आता येतं का वाचाया?"

मंडळी, तुम्हीच सांगा, काय म्हणायचं होतं मी?

"येतं की," म्हणालो.

बोटांवर नवी कातडी आली. पहिल्यापेक्षा जाड!

दिवाळी जवळ येत चालली. मी रोज बसायचो, रोज बोट फिरवायचो. फार झालं तर तीन खुणांचा एक शब्द लागायचा: आबा. ब्रेलमध्ये 'आ' आणि काना यांची खूण एकच, म्हणून मधे ब आणि दोन्ही अंगाला सारखीच खूण. दाराच्या दोन चौकटींत माणूस उभा असावा तसा तो शब्द हाताला लागायचा. बाकी सगळा रवा.

आणि मग एका सकाळी खिडकीतून तिरपं ऊन पुस्तकावर पडलं. प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली पडली. पान डोळ्यांना लख्ख दिसायला लागलं! आणि अक्षरं तर मला केव्हाच पाठ होती. मी धडाधडा वाचत सुटलो. संध्याकाळी सोप्यातल्या ट्यूबलाईटखाली पान जरा तिरकं धरून पाहिलं, तिथंही तेच! रंगूबाई म्हणाली, "ह्ये वाचणं न्हवं, ह्ये बघणं झालं."

"ती कुठं बघणार हाय मी बघतोय का ते?" मी म्हणालो. म्हणून गेलो खरा, पण मग रंगूबाईच्या तोंडाकडं न बघताच पान उलटलं.

साक्षी दिवाळीच्या सुट्टीला आली. तिच्या पिशवीत कपडे कमी आणि ब्रेलचे जाड कागद जास्त. घरात शिरल्या शिरल्या तिनं भिंतीवरून हात फिरवला, चुलीचा वास घेतला, मांजराला हाक मारली आणि म्हणाली, "आबा, मी गोष्ट लिहिलीया. 'आबा आणि म्हैस'. मी वाचून दाखवणार न्हाई. तुमी वाचायची, मी बोट ठिवून बघणार."

त्याच संध्याकाळी बसलो. आत रंगूबाई चकल्या तळत होती. दिव्यांना अजून अवकाश होता, पणत्या अंगणात बादलीत भिजत पडल्या होत्या. मी बरोबर ट्यूबलाईटखाली पाट टाकला, पान तिरकं केलं, बोट ओळीवर ठेवलं. माझ्या बोटामागं तिचं इवलंसं बोट येऊन थांबलं.

"एक होते आबा," मी सुरू केलं. "त्यांची एक म्हैस होती. ती आबांचं सोडून सगळ्यांचं ऐकायची."

आतून रंगूबाई खुदकन हसली. साक्षी फुलून गेली! तिनं लिहिलेलं कुणीतरी वाचत होतं, तेही तिनं न सांगता. मी रंगात आलो. म्हशीनं आबांना ओढ्यात पाडलं ते वाचलं, आबांनी म्हशीला सलाम ठोकला ते वाचलं.

"आबा, तुमचं बोट मागं ऱ्हायलं."

"आँ? व्हय व्हय. तोंड जरा पुढं पळतंय. फौजेची सवय."

"मग एक दिवस," मी जोरात वाचायला लागलो, "आबा फार उदास झाले. कारण त्यांची..."

आणि अंधार!

मी थांबलो. घर थांबलं. कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं.

"आबा? पुढं वाचा की."

"थांब गं जरा," मी सवयीनं म्हणालो. "लाईट गेली."

"मग?"

एवढाच शब्द. मंडळी, मी लढाईच्या दिवसांत संदेश घेतलेत, पण एवढ्या एका शब्दानं माझी कधी एवढी गाळण उडाली नव्हती! माझ्या बोटामागचं तिचं बोट हळूच निघून गेलं.

"म्हंजे तुमीबी शाब्बासच म्हणत होता," ती म्हणाली.

मला रडू आलं. अंधारात कुणाला दिसायचं नव्हतं, पण तिला दिसण्याची गरज कुठं असते? तिनं माझा श्वास ऐकला.

"बोटानं किती येतं?" तिनं विचारलं.

"एकच शब्द. आबा. तेवढाच लागतो. लय घासली गं बोटं, पर न्हाई जमलं."

"दाखवा कुठं हाय ते."

मी डोळे मिटले, अंधारात ते कशाला मिटले देव जाणे, आणि पानावर बोट टेकवलं. रवा. पुढची ओळ, रवा. परत मागं आलो. चकल्या करपल्याचा वास आला, तरी रंगूबाई आतून हलली नाही. आणि मग लागलं. चौकट, माणूस, चौकट.

"हितं," मी म्हणालो.

तिचं बोट आलं. माझ्या बोटाला बाजूला सारून तिनं ते तीनदा तपासलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. शाब्बास म्हणाली नाही. पण बोट तिथंच माझ्या बोटाला टेकवून ठेवलं. "आता ह्याच्या फुडचा."

"फुडचा न्हाई येत."

"मग हितनंच सुरू करू. माझ्या बोटाबरोबर या. दाबू नका, आबा! म्हशीला ढकलल्यागत काय दाबताय!"

लाईट केव्हा आली मला कळलं नाही. रंगूबाई काळ्या चकल्यांचं ताट घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, लाईट आलीया! डोळं मिटून काय झोपलाय?"

मी डोळे उघडले नाहीत.

सुट्टी संपली. साक्षी गेली त्या दिवसापासून घर पुन्हा मोठं मोठं वाटायला लागलं. मांजरसुद्धा दारात बसून असतं. ती गोष्ट मात्र ती मुद्दाम ठेवून गेली, अभ्यास म्हणून. आबा का उदास झाले, ते मला त्या पानात डोळ्यांनी एका क्षणात वाचता आलं असतं. मी वाचलेलं नाही.

काल रविवारी फोन आला.

"आबा, वाचताय न्हवं?"

"वाचतोय की! पान म्होरंच हाय."

"लाईट हाय का?"

"हाय."

"मग घालवा."

मी निमूटपणे उठलो आणि बटण दाबलं. घाईत बटण चुकलं. स्वयंपाकघरातून रंगूबाई ओरडली, "आवं, कांदा चिरतीया मी, बोट कापंल की!" बरोबर त्याच वेळी रस्त्यावरून धोंडुबाई चालल्या होत्या.

आज सकाळपासून लोक रंगूबाईला भेटायला केळी घेऊन येतायत. मी सोप्यात दार लावून अंधारात बसलोय. आबा सापडलाय. त्याच्या पुढचा शब्द लागेना. बहुतेक म्हैस असावी.