जावईबापूंचं पुढचं चाक

पाडव्याच्या सकाळी आठ वाजता आमचे जावई दीनानाथराव नव्या सायकलवर बसले आणि टेंभुर्णीच्या वेशीबाहेर गेले. अजून परत आलेले नाहीत.

पहिल्या दिवाळसणाची सायकल! सगळे म्हणाले, जालन्याहून तयार आणा. मी म्हटलं, छट्! एकेक सुटा भाग पारखून मीच जुळवीन. सायकलच्या मालातलं मला जेवढं कळतं, तेवढं दुकानदारालाही कळत नाही!

ब्रेकचं रबर नखाने दाबून घेतलं, साखळी उन्हात धरून. राहिलं पुढचं चाक. त्याची परीक्षा सोपी. फिरवा आणि वाट बघा. जितकं जास्त फिरेल, तितका माल अव्वल! बाजारात जुना माल विकणाऱ्या कडूबाकडची चाकं फिरवली. एक कुरकुरत थांबलं. दुसरं म्हाताऱ्या बैलासारखं डुलायला लागलं. तिसरं फिरवून मी चहा पिऊन आलो, तरी ते फिरतच होतं. आवाज बिलकुल नाही!

"ते नका घेऊ, साहेब," कडूबा म्हणाला. "त्याचा मालक यायचाय अजून."

भाव वाढवायची जुनी तऱ्हा! "ठेवून कधी गेला?" मी हसून विचारलं.

"ठेवून न्हाई गेला. चाक एकटंच आल्तं."

इतकी देखणी थाप मी कधी ऐकली नव्हती! घासाघीस करून चाक घेतलंच.

घरी सायकल उलटी करून ते बसवलं. वारा पडलेला होता. लिंबाचं पानही हलत नव्हतं. चाक मात्र फिरत होतं.

"अहो, थांबवा ना ते!" माझी बायको प्रेमला म्हणाली. "मांजर अंगणात पाय ठेवून न्हाई राह्यली!"

"अगं, यालाच अस्सल माल म्हणतात!"

पाडव्याला दीनानाथराव कोट-टोपी घालून सायकलवर बसले. ओवाळणीचं तबक घेऊन आमची लेक अरुंधती दारात उभी होती. "लवकर या हं!" ती म्हणाली.

सायकल सुसाट निघाली.

"जरा हळू पायडल मारा!" मी ओरडलो.

"मी मारूनच न्हाई राह्यलो, मामा!"

"मंग ब्रेक लावा!"

"लावलेत!"

खरं होतं. रबर जळल्याचा वास आमच्यापर्यंत आला. मग वळणावर टोपी तेवढी दिसली आणि तीही गेली.

अरुंधती अजून दारातच आहे. तबक खाली ठेवत नाही, माझ्याशी बोलत नाही.

काल एक ट्रकवाला आला. शहागडजवळ त्याने कोट-टोपीतला माणूस सायकलवरून जाताना पाहिला.

"बरा होता ना?" मी विचारलं.

"तो बरा होता. पण मागं बसलेला माणूस कोण?"

दीनानाथराव घरून एकटेच निघाले होते. कॅरिअर मात्र मीच निवडलंय. दोघांचं वजन सहज पेलेल!