आभाळाचा पाटकरी

"बंद कर रे! तुनी पाळी बुधवारनी शे!"

गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून उखाअण्णा ओरडत होते, समोरच्या डाइंग मिलच्या चिमणीवर. चिमणीने त्यांच्या तोंडावर धुराचा लोट सोडला.

सुरतेच्या गोडादऱ्यातला तेव्हाचा धूर काय सांगू! सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी घोंगडी होऊन खाली यायचं, आणि कावळे रस्ता विचारत घरी जायचे. पण त्याच धुरावर आमच्या चुली पेटत होत्या, म्हणून सगळे गप्प. अण्णा तेवढे अडून बसले. दम्याने बेजार झालेल्या त्यांच्या पत्नी सिंधूबाई धुळ्याकडे माहेरी निघून गेल्या होत्या. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आभाळ धुई ठेवा, मंग येसू."

अण्णांचे वडील गावचे पाटकरी. पाटाचं पाणी कुठल्या वारी कुणाच्या शेतात सोडायचं, हे ते ठरवत. त्याच न्यायाने अण्णांनी सुरतेचं आभाळ वाटून टाकलं. सोमवारी लिंबायतने धूर सोडावा, मंगळवारी उधन्याने, असं करत शनिवारपर्यंत. आणि रविवार? "रविवार सिंधूना!" मी वरच्या खोलीत देवापुढे उदबत्ती लावली तरी खालून आरोळी यायची, "मास्तर, तुमनी पाळी शुक्रवारनी!"

या पाळ्यांचा नकाशा काढून ते मला पालिकेत घेऊन गेले. साहेब हसला. "काका, धुमाडो कंई पाणी छे?"

"पाणी खाले जास, धूर वर जास. भांडण एकच!"

साहेबाने चहा पाजला आणि "विचार करू" म्हणून वाटेला लावलं.

पुढच्याच आठवड्यात ट्रकवाल्यांचा संप झाला. कोळसा येईना. चिमण्या थंड पडल्या, गिरण्या बंद, माणसं ओट्यावर हात बांधून बसली. त्या सुतकात अण्णा पेढे वाटत फिरले. "साहेबनी ऐकं! पाळी सुरू व्हयनी!" तोंडात पेढा असताना खरं कोण सांगणार? मीही गिळला.

मग मला ओढत एसटीडी बूथवर. माहेरच्या गावातल्या किराणा दुकानदाराने सिंधूबाईंना बोलावून आणलं. अण्णा असे ओरडले की तार तुटलेली असती तरी धुळ्याला ऐकू गेलं असतं.

"आभाळ निळं व्हयनं! तुनी खाट गच्चीवर टाकेल शे. तू ये!"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. त्यात धाप अजिबात नव्हती.

"तठे नको. मी आठेच बरी शे."