स्लॅबवरची तणस

"तुह्या घरात जीव घाबरते, बाबू. आयतवारी मले दिघोरीच्या बसमध्ये बसवून दे," मंगलाबाईंनी जाहीर केलं आणि अश्वजितचा घास हातातच राहिला.

वडील गेल्यापासून आई गावी एकटी होती. यंदा तिला त्यानं नाना विनवण्या करून भंडाऱ्याच्या नव्या लेआउटमधल्या आपल्या घरी आणलं होतं. आता तिनं इथेच राहावं, एवढंच त्याला हवं होतं. पण एसी लावला की तिचे गुडघे धरायचे, कूलर लावला की अंथरूण ओलसर लागायचं आणि दोन्ही बंद केले की स्लॅब आग ओकायचा. उन्हाची झळ नको म्हणून अश्वजित सकाळीच दारं-खिडक्या लावून पडदे ओढायचा आणि मग बायकोबरोबर नोकरीवर निघायचा. तरी घर तापायचं ते तापायचंच.

शेवटी त्यानं डोकं लढवलं. गावात घरावर तणस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा टाकतात, मग शहरात का नाही? एकोडीच्या मित्रानं ट्रॉलीभर धानाची तणस पाठवली. अश्वजितनं ती स्लॅबवर जाड अंथरली आणि नळी लावून भिजवली.

"अजी, शेजारी हासून राहिले," त्याची बायको हर्षा म्हणाली.

"हासू दे. ना एसी, ना कूलर. उद्या तेच लोकं तणस मागाले येतीन."

आणि खरोखरच खोली गार झाली. अश्वजितनं मोठ्या आशेनं आईकडे पाहिलं.

"थंड हाये," ती म्हणाली आणि पिशवीत लुगडं भरत राहिली.

पाण्याची नळी फाटकातून आत घेतलेली, त्यामुळे फाटक लागत नव्हतं. जिना बाहेरून. शनिवारी दुपारी अश्वजित गारव्यात आडवा झाला होता, तोच छतावर धपधप पावलं वाजली. तो धावत वर गेला. ओल्या तणसीत एक धष्टपुष्ट गाय उभी होती आणि ती त्याचा गारवा शांतपणे चघळत होती.

गाय मागच्या गल्लीतल्या भैय्याजींची निघाली. ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हिले उतरवा ना जी," अश्वजित म्हणाला.

"गाय जिना चढते, बाबू. उतरत नाई."

"मंग आता?"

"मंग आता तुमचीच."

बघता बघता लेआउटमधली सारी वस्ती जमली. कोणी क्रेन सुचवली, कोणी शेपूट पिळायला सांगितलं. अखेर समोरच्या शकुनबाई पुढे झाल्या. "तिले पायऱ्याच दिसू देऊ नोका. तणस टाकून उतार करा."

मग बायाच कामाला लागल्या. मंगलाबाईंनी पदर खोचला आणि बघता बघता त्या सगळ्यांना हुकूम सोडू लागल्या. सारी तणस जिन्यावर दाबून भरली. भैय्याजींनी पुढून दोर धरला आणि गाय उतार खात खात खाली आली. उरलेली तुडवलेली तणस भैय्याजी हक्कानं घेऊन गेले.

संध्याकाळी घर पुन्हा भट्टीसारखं तापलं. अश्वजितला अगदी रडू यायचं बाकी होतं. "उद्या सकाळची बस हाये, माय. सोडून देतो," तो म्हणाला.

"कायले?" मंगलाबाई पिशवीतून लुगडं बाहेर काढत होत्या. "उद्या शकुनबाईच्या घरी शेवया हायेत. परवा बाजूच्या मंदाबाईचे पापड."

"पन गरमी?"

"उन्हाळ्यात गरमी नाई होईन तं काय होईन? बोलाले मानूस नव्हतं रे इथं. तुमी दोघं ड्यूटीवर जा, अन् मी बंद घरात भिंतीकडे पाहात बसू काय?"

अश्वजितला हसावं की रडावं कळेना. आई राहणार म्हणून जीव भांड्यात पडला होता. पण स्लॅबवर उन्हातान्हात ओतलेला घाम काही विसरवत नव्हता.

"मंग मी तणस फालतूच आनली म्हनावं," तो पुटपुटला.

"फालतू काहून?" मंगलाबाई म्हणाल्या. "तणस नसती तं गाय आली असती काय?"