सोपानआप्पांचे मार्क

सोपानआप्पांनी चेकशीट भरल्याशिवाय कधी कलिंगडसुद्धा विकत घेतलं नाही. देठ, रंग, वजन, आवाज, सगळ्याला वेगळे मार्क. शिरूरच्या बाजारात मागं गिऱ्हाइकं खोळंबायची आणि कलिंगडवाली मावशी हात जोडायची, "आप्पा, फुकट न्या, पन निघा!"

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, क्वालिटी तपासणीच्या खात्यात होतो. निमोणे गावाहून मोटारसायकलवर शिरूरला येऊन कंपनीच्या बसमध्ये ते माझी जागा धरून ठेवायचे. ती बस, आप्पांच्या डब्यातला ठेचा, त्यांची बडबड... आठवलं की रिटायर झाल्याचा राग येतो.

मार्क काढून झाले की आप्पांची दुसरी परीक्षा असे. घराणं मूळचं मेंढपाळांचं. त्यांचे आजोबा मेंढराच्या पाठीवर हात फिरवून त्याची तब्येत सांगायचे. आप्पा तसाच हात पंख्यावर, कपाटावर, जुन्या ट्रॅक्टरवर ठेवून डोळे मिटत. "कागद येक सांगतो, हात येक सांगतो. दोघांचं जुळलं तरच माल पास!" मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

त्यांच्या धाकट्या लेकीला, शीतलला, बघायला खुटबावचा मुलगा आला, तेव्हा आप्पांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मुलाला शंभरात एक्केचाळीस मार्क पडले. नोकरी कंत्राटी, घर दोन खोल्यांचं. चहा झाला आणि आप्पा उठून त्याच्या मागं गेले, चक्क मणक्यावरून हात फिरवू लागले! पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मुलगा बिचारा हसत बसून राहिला.

"हात पास म्हनतोय," आप्पा कानात पुटपुटले आणि मला ओढतच मागच्या दारी घेऊन गेले.

"थोरलीच्या टायमाला उलटं झालतं. पोराला अठ्ठ्याऐंशी मार्क, आन् हात न्हाई म्हनत व्हता. म्या कागदाचं ऐकलं."

थोरली मंदा दोन वर्षांतच माहेरी परत आली होती, हे मला ठाऊक होतं.

"मग आता हाताचं ऐका."

"आन् हातबी चुकला तर?"

आप्पांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "शीतल काय म्हणते?"

ते तडक स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग. दोघी बहिणी कपबश्या विसळत होत्या.

"शीतल, तुला पोरगा कसा वाटला?"

"आवडला, आप्पा. पगार कमी हाय त्याचा, पन मीबी कमावती की. भागंल आमचं."

आप्पांनी मान डोलावली. मग ते थोरलीकडं वळले.

"मंदे, तुला म्या इचारलंच न्हवतं. चुकलं माझं."

मंदानं हातातली बशी खाली ठेवली, पदरानं हात पुसले. "मंग आता इचारा की, आप्पा, मला म्होरं काय करायचंय ते."

बाहेर पाहुणे ताटकळले होते. आप्पा तिथंच, ओल्या फरशीवर, तिच्यासमोर मांडी घालून बसले.