तानाबाईंची उन्नती

देशाची वाढ नागरिकांच्या घरापर्यंत पोहोचली की नाही, याची खात्री करून घेण्यासाठी उन्नती मोजणी विभागाचे निरीक्षक अभिनंदन चौगुले मंगळवारी सकाळी उत्तरेश्वर पेठेत तानाबाईंच्या दारात उभे राहिले. तानाबाई मंडईत भाजी विकायच्या. तीन महिन्यांपासून गुडघ्यामुळे घरीच होत्या.

"या पावणं, बसा."

"पूर्वी कुठलं पाणी प्यायचात?"

"नळाचं. आता त्याला वास मारतोय. जार इकत घ्यावा लागतोय."

'शुद्ध पेयजलाची आवड,' निरीक्षकांनी लिहिलं.

"मंडईला कशा जायचात?"

"बसनं. ती बंद केली की. मग रिक्षा."

'खासगी वाहनाचा वापर.'

"आणि गुडघा?"

"खड्ड्यात पडलो. कानातली फुलं सोनाराकडं मोडली, तवा दवाखाना झाला."

"खासगी दवाखाना!" निरीक्षकांचा चेहरा उजळला.

"पर सायेब, मी आदी बरी हुतो. आता न्हाय."

"आजी, बरं असण्यात खर्च होत नाही. मग ते मोजायचं कसं?"

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वाढता खर्च पाहता तानाबाई गरिबीतून बाहेर पडल्या होत्या; सबब रेशन बंद. तानाबाई काठी टेकत कार्यालयात गेल्या.

"कशानं आलात?" खिडकीतल्या दीपा मॅडमनी विचारलं.

"रिक्षानं."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

"बाई, मी खायाचं काय?"

"हा प्रश्न गरिबांच्या खिडकीवर विचारायचा. तुम्ही आता त्यांच्यात बसत नाही."

तानाबाई खिडकीची कड धरून तासभर उभ्या राहिल्या. हलेनात. अखेर कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना दया आली आणि त्यांनी तानाबाईंचं नाव 'आदर्श उन्नत नागरिक' पुरस्कारासाठी पाठवलं.

सभागृह भरलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. तानाबाईंनी माईक ओढून घेतला. "माझं रेशन तेवढं..." एवढंच ऐकू आलं, मग माईक बंद पडला आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबेचनात. भर स्टेजवर तानाबाई हुंदके देऊन रडल्या.

त्या रडण्याचा फोटो संध्याकाळपर्यंत मोबाईलवर सगळीकडे फिरला. खाली ओळ होती : 'वाढत्या देशाचे आनंदाश्रू.' हजारो लोकांनी त्याला अंगठा दिला. त्यात तुमचाही असेल, तर काळजी नसावी. विभागानं तुमची नोंद 'समाधानी नागरिक' अशी केली आहे, आणि तुम्हाला स्वतंत्रपणे काही विचारण्याची आता गरज उरलेली नाही.